मिनिएचरवरचं रगत: आधी ठरवा कुठून आलं आणि कधी आलं

माझी आजी अहिराणीच बोलते. तीन वर्षांपूर्वी मी पहिल्यांदा एका मावळ्याच्या ७५ मिमी उंचीच्या छोट्या मूर्तीवर (मिनिएचरवर) रक्त रंगवलं, दांडपट्टा पूर्ण लाल, अंगरखा लाल, पायाखालची जमीन पण लाल, आणि मोठ्या हौशीने तिला दाखवायला नेलं. तिने चष्मा सरकवला, मूर्ती उजेडात धरून फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाली, "इतलं रगत कसाले रे भाऊ, मानूस मरी जाई ना."

मी दोन दिवस त्याच वाक्याचा विचार करत होतो. कारण बरोबरच होतं ना तिचं, माणसाच्या अंगात सगळं मिळून पाचेक लिटर रक्त, ते याचं स्वतःचं असेल तर हा पट्टा फिरवत उभा कसा, आणि शत्रूचं असेल तर याच्या पाठीवर कुठून आलं? रंग भारी होता, हात पण बरा होता, पण डागाला काही कारणच नव्हतं. तेव्हापासून मी ब्रश उचलायच्या आधी दोन गोष्टी कागदावर लिहितो, प्रत्येक डाग कुठून आला आणि किती वेळापूर्वी आला. खाली जे काही सांगतोय ते सगळं या दोन प्रश्नांतूनच निघालंय, रंग आणि ब्रशचं नंतर.

आधी स्केलचं गणित

हे कुणी सांगत नाही आणि सगळ्यात जास्त माती इथेच होते. रक्ताचा खरा थेंब साधारण ०.०५ मिली असतो, म्हणजे साडेचार-पाच मिमीचा गोळा, तो उंचावरून फरशीवर पडला की पसरून दीड-दोन सेंटीमीटरचा डाग होतो. आता ७५ मिमीच्या मूर्तीचं स्केल १/२४ धरा, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या भागाएवढं, तो डाग झाला ०.६ ते ०.८ मिमी. ५४ मिमीची मूर्ती म्हणजे १/३२, तिथे अर्धा मिमी. आणि २८ मिमीचे टेबलावरच्या युद्धखेळांतले सैनिक म्हणजे १/५६ च्या आसपास, तिथे जेमतेम ०.३ मिमी, म्हणजे टाचणीच्या टोकाने टेकवलेला ठिपका.

उलटं करून बघा म्हणजे जास्त कळेल. २८ मिमीच्या सैनिकावर तुम्ही ब्रशने सहज पाऊण मिमीचा ठिपका दिला तर खऱ्यात तो चार सेंटीमीटरचा झाला, लिंबाएवढा. असे दहा ठिपके छातीवर दिले की ते शिंतोडे राहत नाहीत, कुणीतरी लिंबं फेकून मारल्यासारखं दिसतं. म्हणून लहान मूर्तीवर थेंब थेंब दाखवायचा नादच सोडा, तिथे फक्त डाग आणि ओघळ दाखवा. शिंतोड्यांची मजा ५४ च्या वर सुरू होते.

रंग बदलतो का आणि किती

ताजं रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळे, त्यात लोह असतं आणि ते ऑक्सिजन धरून ठेवतं. धमनीतलं रक्त ऑक्सिजनने भरलेलं म्हणून भडक लाल, शिरेतलं गडद मरून. निळं कधीच नसतं, त्वचेवरून शीर निळी दिसते ती वेगळी गोष्ट. बाहेर आल्यावर हवा लागते, त्या हिमोग्लोबिनमधल्या लोहाचं ऑक्सिडेशन होतं आणि रंग लालवरून तपकिरीकडे जातो, जुना डाग तर जवळपास काळाच.

आपल्या भागातल्या माणसाला हे समजायला पुस्तक लागत नाही. नंदुरबारला मिरचीच्या पथारी बघितल्यात का कधी, ओली मिरची टाकलेली आणि शेजारी आठ दिवस वाळलेली, दोन्ही लालच पण एक चमकतेय आणि दुसरी गडद, सुरकुतलेली, चमक गेलेली. ताज्या आणि वाळत चाललेल्या रक्तातला फरक अगदी तसाच धरा. आणि त्याच्याही पुढचा टप्पा म्हणजे केळीचा चीक. आमचं मूळ गाव रावेर तालुक्यात, घरची केळी, कापणीला गेलेल्या माणसाचे कपडे बघा, चीक लागतो तेव्हा पाण्यासारखा आणि हवा लागून तपकिरी-काळा होतो, मग धुवा नाहीतर आपटा, जात नाही. वाळलेल्या रक्ताचा कपड्यावरचा डाग मी वडिलांच्या केळीच्या शर्टावरून शिकलो. कडेला गडद रेघ, मधे जरा फिकट, धाग्याच्या दिशेने थोडा पळालेला.

आणि खरं रक्त बघायचं असेल तर रविवारी सकाळी मटणाच्या दुकानात लाईनीत उभं असताना मोबाईल खिशात ठेवा आणि त्या लाकडी ओंडक्याकडे नीट बघा. ताजं कुठे, पुसलेलं कुठे, लाकडाच्या भेगेत काळं झालेलं कुठे, आणि सुरीच्या पात्यावर किती कमी राहतं तेही बघा. माझा अर्धा अभ्यास तिथे झालाय.

सामान

बाहेरच्या कंपन्यांच्या रंगात दोन रंग या कामासाठी सगळ्यात प्रसिद्ध आहेत, तामियाचा एक्स-२७ क्लिअर रेड आणि सिटाडेलचा ब्लड फॉर द ब्लड गॉड. दोन्ही पारदर्शक आणि चकचकीत वाळतात, ऑनलाइन मागवता येतात, महाग पडतात पण एक बाटली खूप चालते कारण लागतो थेंबभर.

नसेल मागवायचं तर स्टेशनरीच्या दुकानात सगळं मिळतं. कॅमलचा किंवा फेविक्रिलचा ॲक्रेलिक क्रिम्सन (गडद लाल), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), काळा, आणि एक छोटा निळा, प्रशियन ब्लू मिळाला तर उत्तम. सोबत ग्लॉस मीडियम (रंगात मिसळायचं चकचकीत पारदर्शक द्रव) किंवा ग्लॉस वार्निश. काचेवर रंगवायचा ग्लास पेंटिंगचा लाल पण घेऊन ठेवा, तो मुळातच पारदर्शक असतो आणि त्यात टोकभर बर्न्ट अंबर मिसळला की ताज्या रक्ताचं काम मस्त होतं. फक्त पाण्यावरचा आहे का सॉल्व्हंटवरचा ते बाटलीवर वाचून घ्या, तपकिरी पण त्याच जातीचा लागेल, दोन जाती एकमेकांत मिसळल्या तर फाटतात.

पारदर्शक, पारदर्शक हे सारखं का म्हणतोय तर साधा लाल ॲक्रेलिक प्रकाश वरूनच परत पाठवतो, म्हणून तो रंगच दिसतो, मंदिराच्या कठड्याला दिलेल्या ऑइलपेंटसारखा. रक्तातून प्रकाश आत जातो, खालच्या पृष्ठभागावर आपटून परत येतो, म्हणून पातळ ठिकाणी भडक आणि जाड ठिकाणी गडद दिसतं. हे एकाच रंगात आपोआप मिळतं, जर तो पारदर्शक असेल तर. तुमच्याकडे साधा क्रिम्सन असेल तर एक भाग रंग आणि तीन-चार भाग ग्लॉस मीडियम करा, त्यात सुईच्या टोकावर मावेल एवढा अंबर.

बाकी ० नंबरचा गोल ब्रश, एक मेलेला जुना ब्रश, जुना टूथब्रश, टूथपिक, पॅकिंगच्या फोमचा फाडलेला (कापलेला नाही, फाडलेला) तुकडा, रसवंतीवरची एक नळी, आणि एम-सील.

क्रम, हा चुकवू नका

मूर्ती पूर्ण रंगवून संपवायची, कातडी, कपडे, धातू, सगळं. मग पूर्ण मूर्तीवर मॅट, म्हणजे बिनचमकीचं, वार्निश. ते वाळल्यावर, दुसऱ्या दिवशी, रक्त. रक्तावर परत मॅट मारायचं नाही.

मी एकदा उलटं केलं होतं. ५४ मिमीचा घोडेस्वार, तीन रात्री घालवलेला, रक्त झाल्यावर सवयीने वरून मॅट स्प्रे मारला आणि सगळं ताजं रक्त विटेच्या भुकटीसारखं झालं. ओलेपणा दाखवतो तो चमकीमुळे, चमक गेली की रक्त गेलं. आधी मॅट मारण्याचा दुसरा फायदा म्हणजे खालचं काम सुरक्षित राहतं, डाग चुकला तर ओल्या ब्रशने मिनिटभराच्या आत उचलून घेता येतो आणि खालचा अंगरखा जसाच्या तसा.

वाळलेलं रक्त मात्र मॅटच हवं, ते वार्निशच्या आधी रंगवलं तरी चालतं. म्हणजे क्रम असा पडतो की जुने डाग आधी, मॅट, मग ताजे डाग. लढाईत पण तसंच असतं ना, सकाळचं वाळलेलं खाली आणि आत्ताचं त्याच्यावर.

आणि आपल्या हवेबद्दल. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा दुपारी स्प्रे मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि मूर्तीवर रवा टाकल्यासारखं खरखरीत बसतं. पहाटे सहा-सात वाजता मारा, गच्चीवर वारा नसेल तेव्हा. जुलै-ऑगस्टमध्ये उलटा त्रास, हवेत दमट असतं आणि मॅट वार्निश पांढरं धुकं धरतं, त्या दिवसांत सरळ ब्रशने लावायचं वार्निश वापरा. ब्रशवर रंग वाळण्याचा त्रास तर आपल्याकडे फेब्रुवारीपासूनच सुरू, त्याला वेट पॅलेट करा, मिठाईच्या सपाट डब्यात ओला स्पंज आणि त्यावर बटर पेपर, रंग त्यावर घ्यायचा, दोन-दोन तास ओला राहतो. कूलरच्या झोतात बसून रंगवू नका, गार वाटतं पण सगळी धूळ ओल्या रक्तावर येऊन बसते.

पातं

सगळे पहिल्यांदा तलवारच रंगवतात आणि सगळे टोकापासून मुठीपर्यंत लाल करतात. पोलाद रक्त शोषत नाही. आणि पातं शरीरातून बाहेर येताना मांसात आणि कपड्यात पुसलं जातं. म्हणून राहतो तो एक पातळ पापुद्रा, मधे मधे तुटलेला, पात्याच्या लांबीने ओढलेला, आणि कडेला किंवा खाचेत साचलेले थोडे थेंब. वार साधारण पात्याच्या पुढच्या अर्ध्या-तिसऱ्या भागाने होतो, तेव्हा मुठीजवळचं पोलाद स्वच्छ ठेवा, तेच स्वच्छ पोलाद पुढच्या रक्ताला खरं करतं.

करायचं कसं, तर फोमचा तुकडा गडद मिश्रणात बुडवा, म्हणजे क्रिम्सन, अंबर आणि निळ्याचा अगदी अंश, मग कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि पात्याच्या पुढच्या भागावर हलकेच टेकवा. वाळलं की क्लिअर रेड पातळ करून त्याच भागावर दोन-तीन ओढी, टोकाकडून मुठीकडे नाही, मुठीकडून टोकाकडे. मग टूथपिकने धारेवर एक-दोन ठिकाणी जाड थेंब. बस.

दांडपट्ट्याला एक वेगळी गोष्ट आहे, हात कोपरापर्यंत लोखंडी खोबळ्यात असतो, त्यामुळे शिंतोडे त्या खोबळ्यावर येतात, हातावर नाही. आणि भाला उभा धरला असेल तर रक्त फाळावरून खाली बांबूवर उतरतं, बांबूच्या पेराशी थबकतं, तिथे गडद करा. आडवा धरला असेल तर उतरणार नाही, खाली ठिबकेल. मूर्तीची पोझ बघा आणि जमीन कुठल्या बाजूला आहे ते लक्षात ठेवा, एवढंच.

कपडा, घोंगडी, ढाल

पांढऱ्या सुती अंगरख्यावर रक्त पसरतं. इथे जाड रंग चालत नाही. क्रिम्सन आणि अंबर पाण्याने पार पातळ करा, चहासारखं, आणि ब्रशने डागाच्या मधोमध ठेवून कडेकडे जाऊ द्या. तीन-चार थर, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरा आत. वाळताना कडेला आपोआप गडद रेघ येते, सांडलेल्या चहाच्या डागाला येते तशी, ती पुसू नका, तीच हवी असते. नाही आली तर बारीक ब्रशने तुटक तुटक द्या. मधला भाग ताजा दाखवायचा असेल तरच तिथे ग्लॉस, कडेला अजिबात नाही. आणि कपड्याला जखम असेल तर कपडा फाटलेला पण दाखवा, फाटलेल्याच्या भोवतीच डाग सगळ्यात गडद.

काळ्या घोंगडीवर लाल रंग दिसतच नाही, खऱ्यातही दिसत नाही. तिथे नुसता ग्लॉस मीडियम घ्या, त्यात क्रिम्सनचा जेमतेम वास, आणि लोकरीवर टेकवा. काळ्यावर ओली चमक दिसते आणि बघणारा स्वतःच समजतो. मला हा प्रकार सगळ्यात जास्त आवडतो, लाल न वापरता रक्त.

चिलखताच्या कड्यांत वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ केलेला रंग, सोडा, खोलगट भागात बसू द्या आणि वरच्या कड्या ओल्या कापडाने पुसून घ्या. ढालीवर एक बारकी गोष्ट करून बघा. गुळगुळीत पृष्ठभागावर थेंब कडेकडून वाळत येतो, अर्धवट वाळलेला असताना कुणाचा हात किंवा बाही लागली तर मधलं पुसलं जातं आणि कडेची गोल रिंग तशीच राहते. ७५ मिमीच्या ढालीवर अशा दोन रिंगा आणि त्यांच्यामधून एक पुसट फराटा ओढला की बघणाऱ्याला कळतं की या माणसाने मधे एकदा ढाल पुसली होती, म्हणजे लढाई बराच वेळ चाललीय. असं काही जमलं ना की मला रात्री झोप येत नाही आनंदाने.

शिंतोडे

टूथब्रशवर अगदी थोडा रंग, कागदावर झटकून घ्या, मग अंगठ्याने दाते मागे ओढून सोडा, मूर्तीपासून चार-पाच इंच लांब. जिथे नको तिथे ओला कागद गुंडाळा. जास्त बारीक हवे असतील तर ब्रशच्या टोकावर थेंब घेऊन त्याच्यामागून नळीने फुंकर मारायची, याला सराव लागतो, वीस-पंचवीस वेळा वहीवर करून मगच मूर्तीवर.

दिशा महत्त्वाची आहे. थेंब सरळ ९० अंशात आपटला तर डाग गोल, तिरका आला तर लांबट, आणि त्याची शेपटी तो जिकडे चालला होता तिकडे असते. न्यायवैद्यकवाले डागाची रुंदी भागिले लांबी करून कोन काढतात, ते उत्तर म्हणजे कोनाचा साइन. रुंदीच्या दुप्पट लांबी असेल तर थेंब ३० अंशात आला. आपल्याला गणित मांडत बसायचं नाही, पण समोरच्या शत्रूवर डावीकडून उजवीकडे वार झाला असेल तर शिंतोड्यांच्या शेपट्या सगळ्या एकाच बाजूला असल्या पाहिजेत, मोराच्या पिसाऱ्यासारख्या चहूकडे नाही. दोन-चार शेपट्या ब्रशने हाताने ओढा, तेवढ्याने बाकीचे पण खरे वाटतात.

जखम

तलवारीची जखम नुसती लाल रेघ नसते, कातडी ताणलेली असते म्हणून कापली की उघडते, मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळती, बदामाच्या आकाराची. मूर्तीच्या रेझिनमध्ये कटरने उथळ खाच करा, कडेला एम-सीलची केसाएवढी वळी लावून ओल्या टूथपिकने दाबा म्हणजे ओठ येतो. आत सगळ्यात खोल काळपट मरून, भोवती लाल, ओठाच्या आतल्या कडेला फिकट पिवळसर रेघ, ती चरबी. ही पिवळसर रेघ लोक विसरतात आणि तिच्यामुळेच जखम खोल दिसते. हाड दिसत असेल तर पांढरं शुभ्र नको, हस्तिदंती, आणि त्यावर गुलाबी वॉश.

बाण शरीरात असेल तर रक्त थोडंच येतं, तोच भोक बुजवून बसलेला असतो, ओघळ आणायचा मोह आवरा. डोक्याची जखम मात्र लहान असली तरी भळाभळा वाहते, तिथे हात सैल सोडा, पण ओघळ कपाळावरून भुवईवर थांबतो, भुवईच्या टोकाने वळतो, नाकाच्या बाजूने उतरतो, मिशीत आणि दाढीत गोठतो. पागोट्याचा कपडा आधी शोषून घेतो, तो भरला की मगच खाली. मार लागून रक्त साकळलं असेल तर लाल-जांभळं म्हणजे ताजं, हिरवट-पिवळं म्हणजे काही दिवसांपूर्वीचं. लढाईच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला हिरवा वण दिला तर तो वण मागच्या लढाईचा झाला, हे लक्षात ठेवून द्या.

मांसाचे लोंबते धागे वगैरे हवे असतील, वेताळ, राक्षस, झॉम्बी रंगवणाऱ्यांना ते लागतंच, तर ट्यूबमधला पारदर्शक तार धरणारा गोंद, युहूसारखा, त्यात क्लिअर रेडचे दोन थेंब, टूथपिकने घोळा आणि चिकट व्हायला लागला की एका टोकाला टेकवून दुसरीकडे ओढा, तारा येतात तशाच वाळतात. आतड्यांना सुती दोरा फेविकॉलमध्ये भिजवून वळवून ठेवायचा, वाळला की राखाडी-गुलाबी, खाचेत जांभळट वॉश आणि वर भरपूर ग्लॉस. लाल नाही बरं का, आतडी लाल नसतात. गोंद आणि सॉल्व्हंटचं काम खिडकी उघडून, आणि घरात लेकरं असतील तर त्यांच्या हाताला लागणार नाही अशा ठिकाणी. टूथब्रश झटकताना तोंडावर मास्क, ब्रश ओठांनी टोकदार करायची सवय सोडा.

जमीन

माझं सध्याचं काम साल्हेरच्या १६७२ च्या लढाईचा देखावा आहे. साल्हेर आपल्या शेजारच्या बागलाणात, १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच किल्ला, आणि ही लढाई मोरोपंत पिंगळे आणि प्रतापराव गुजर यांनी मोगलांशी उघड्या मैदानात लढून जिंकलेली. सभासद बखरीत या लढाईचं वर्णन आहे, आधी इतकी धूळ उडाली की माणसं दिसेनात, आणि नंतर रक्ताचा चिखल झाला. मला त्यातून बेसचा अख्खा रंग मिळाला, धूळ आणि चिखल, लाल तळं नव्हे.

कोरड्या फुफाट्यावर रक्त पडलं की ते पसरत नाही, धुळीत गोळा होतं आणि गडद होतं. आपल्या काळ्या मातीवर तर लाल जवळपास दिसतच नाही, ओलं काळं दिसतं. शेतातली माती घ्या, तव्यावर चांगली भाजा म्हणजे किडा-बुरशी राहत नाही, वस्त्रगाळ करा. थोडी माती, फेविकॉल, पाणी, अंबर आणि क्रिम्सन, साधारण पिठल्याएवढं घट्ट. हे मिश्रण पाय आणि टापा जिथे रुततात तिथेच दाबा, ओलं असतानाच टाप उमटवा, वाळल्यावर फक्त टापेच्या खळग्यात क्लिअर रेड आणि ग्लॉस सोडा. बाकी माती मॅट. मोठं साचलेलं दाखवायचं असेल आणि ते जुनं असेल तर मधे गोठलेलं गडद आणि कडेला पातळ पिवळसर चमक द्या, गोठलेल्या रक्तातून तसा द्रव सुटतो.

याच लढाईत सूर्याजी काकडे जंबुरक्याचा, म्हणजे छोट्या तोफेचा, गोळा लागून पडले. त्यांची मूर्ती करताना मी फार वेळ थांबलो. गोळ्याने काय होतं ते मला रंगवता आलं असतं, पण ते शिवाजी महाराजांचे लहानपणापासूनचे सोबती, अशा माणसाच्या अंगाची चिरफाड दाखवावी असं मला मनापासून वाटलं नाही. त्यांना कुशीवर पडलेलं दाखवलं, जखमेची बाजू जमिनीकडे, अंगरख्याच्या कडेने गडद होत गेलेला डाग आणि त्याखाली ओली माती. हाताजवळ धुळीत बोटांचे ओरखडे. लाल रंग एवढाच लागला की ब्रश दुसऱ्यांदा बुडवला नाही.

ती मूर्ती पण आजीला दाखवली. बराच वेळ काही बोलली नाही, मग विचारलं, "याले कोठे लागनं रे?" आणि स्वतःच बोट ठेवून म्हणाली, "आठे." बरोबर त्याच जागी.

चुकलं तर, आणि शेवटचं वाळवणं

जास्त झालेलं रक्त खरवडू नका. ओलं असेल तर ओल्या ब्रशने उचला, वाळलं असेल तर खालच्या कपड्याचा रंग पातळ करून कडेकडून आत झाकत या, आतला डाग लहान होत जातो आणि कडा मऊ होतात. खूपच भडक वाटलं तर अंबरचा एक पातळ थर, अर्धा तास जुनं झालं असं समजा. आणि त्या रात्री काहीच ठरवू नका, ट्यूबलाइटखाली लाल वेगळा दिसतो, सकाळी दाराशी उजेडात हातभर लांब धरून बघा.

क्लिअर रेडचे जाड थर वरून वाळलेले वाटले तरी आत चिकट असतात, उन्हाळ्यात तर परत मऊ पडतात. निदान दोन दिवस काचेच्या डब्यात किंवा उलट्या बरणीखाली झाकून ठेवा, धूळ बसणार नाही अशा ठिकाणी. वर्तमानपत्रात गुंडाळून कपाटात टाकू नका, कागद चिकटतो आणि सोडवताना पापुद्राच निघून येतो, प्रवासात न्यायची असेल तर मूर्ती बेसला स्क्रूने डब्याच्या तळाशी पक्की करा म्हणजे कशालाच टेकणार नाही.